मोर्चा कुठल्या इमारतीवर न्यायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे, डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं की जरा जास्त येतो. ‘बँका वाढल्या, फायनान्सवाले गल्लोगल्ली आले, पोरंसोरं शेअरचं बोलतात. प्रगती म्हणायची ती हीच का? आणि आमच्या समाजात, राजकारणात त्यानं नेमका काय फरक पडला?’

उत्तर संविधान चौकात उभं राहून दिलं तर सोपं जातं. इथे रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. चौकाचं जुनं नावही तिच्यावरूनच पडलेलं. हाकेच्या अंतरावर विधानभवन. 1953 च्या नागपूर करारामुळे सरकार वर्षातून एकदा इथे येतं आणि त्याच्या मागोमाग मोर्चे येतात. पोलीस त्यांना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला अडवतात, कोणीतरी येऊन निवेदन घेऊन जातं. त्या निवेदनांत कापसाचा भाव आणि नोकऱ्यांचा अनुशेष अजूनही असतो, पण त्यांच्या जोडीला कर्जमाफी, पीकविमा, फायनान्सवाल्यांची वसुली आणि पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी आल्यात. यातल्या बँकेच्या आणि फायनान्सच्या कर्जाचे, वसुलीचे नियम विधानभवनात ठरतच नाहीत. ते रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांनी ठरतात, आणि तिच्या इमारतीवर कोणी मोर्चा नेत नाही.

माझं उत्तर एवढंच, की पैशाचा धंदा मोठा झाला तशी पुढाऱ्याच्या हातातली कर्ज मिळवून देण्याची ताकद गेली. त्या जागी दोन नव्या ताकदी आल्या, कर्ज माफ करण्याची आणि खात्यात पैसे टाकण्याची. आता हे जरा उकलून सांगतो.

आधी कर्ज कसं मिळायचं ते बघा. 19 जुलै 1969 ला 14 बँका सरकारी झाल्या, 1980 मध्ये आणखी 6. बँकांनी एकूण कर्जाच्या 40 टक्के अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे धंदे अशांना द्यायचं, त्यात शेतीला 18 टक्के, हा दंडक अजून आहे. पण महाराष्ट्रातल्या गावात खरी उतरंड सहकाराची होती. खाली विविध कार्यकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्यात वर राज्य सहकारी बँक. सोसायटीचा गटसचिव गावातलाच, कोणाच्या वावरात काय पेरलंय ते त्याला बांधावरून दिसायचं. जिल्हा बँकेचा संचालक तालुक्याचा पुढारी. पीक कर्ज कोणाला, किती आणि कधी, यात त्याचा शब्द चालायचा आणि त्याच शब्दावर पुढे आमदारकी उभी राहायची. ही व्यवस्था फार चांगली होती असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. विरोधी गटातल्या शेतकऱ्याला तीच व्यवस्था पेरणी उलटेपर्यंत ताटकळत ठेवायची. पण निदान कोणाच्या दारात जाऊन बोंबलायचं ते माहीत होतं.

ही शिडी नागपुरात कशी मोडली ते जवळून बघण्यासारखं आहे. 2001-02 मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेनं ठेवीदारांचे शंभर कोटींहून जास्त रुपये दलालांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवले. सरकारी रोखा म्हणजे सगळ्यात सुरक्षित कागद, मग बुडालं काय? रोखा बुडाला नाही, तो आलाच नाही. नीट व्यवहारात पैसे आणि रोखा एकाच वेळी हात बदलतात, आणि रोख्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या वहीत खरेदीदाराच्या खात्यावर पडते. इथे पैसे आधी दलालाकडे गेले, त्यानं सौदा झाल्याची चिठ्ठी दिली आणि बँकेनं ती चिठ्ठी म्हणजेच रोखा समजून फायलीला लावली. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचंही त्याच सुमारास असंच झालं. त्यानंतर रोखे कागदावर न ठेवता डीमॅट, म्हणजे संगणकावरच्या खात्यात, ठेवायची सक्ती झाली, पण इथला पैसा तोवर गेला होता. 2012 मध्ये नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली. 2014 मध्ये केंद्रानं देशातल्या परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँका सावरायची योजना आणली, त्यात महाराष्ट्रातल्या या तिघी होत्या. रोख्यांच्या त्या व्यवहाराच्या वेळी नागपूर बँकेचे अध्यक्ष असलेले सुनील केदार पुढे मंत्री झाले. डिसेंबर 2023 मध्ये इथल्या न्यायालयानं त्यांना 5 वर्षांची शिक्षा सुनावली, आमदारकी गेली, आणि शिक्षेविरुद्ध अपील झालं.

खटल्याची चर्चा खूप झाली. त्याचा गावावरचा परिणाम मात्र फारसा कोणी मांडत नाही. सोसायटीतून कर्ज बंद झालं तसा शेतकरी तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत गेला. तिथला अधिकारी तीन वर्षांसाठी परराज्यातून आलेला, सातबारा त्याला दुभाष्याकडून वाचून घ्यावा लागतो. त्याच्या मागे मंजुरीची संगणक-प्रणाली आणि त्या प्रणालीच्या मागे मुंबईतलं मुख्यालय. आमदाराचा फोन आला तरी तो ‘साहेब, सिस्टिम घेत नाही’ म्हणतो, आणि बरेचदा ते खरंच असतं.

फोन चालेना, तेव्हा पुढाऱ्यापुढे कर्जमाफी उरली. 2008 ची केंद्राची माफी 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण मिळाली. विदर्भात जमीन कोरडवाहू, दोन हेक्टरवर घर चालत नाही म्हणून जमीनधारणा मोठी, त्यामुळे ज्याच्या नावानं योजना गाजली तो कापूसवाला बराचसा बाहेर राहिला. 2017 ची राज्याची माफी दीड लाखापर्यंत, घोषणेतला आकडा 34,022 कोटी. 2019 ची 2 लाखांपर्यंत, आणि ती जाहीर झाली याच विधानभवनात, डिसेंबरच्या अधिवेशनात. ऑक्टोबर 2025 मध्ये शेतकऱ्यांनी वर्धा रोड अडवला आणि सरकारनं 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं आश्वासन दिलं.

अशा आश्वासनानंतर मार्चमध्ये गावागावात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘भाऊ, यंदा भरू का नको?’ तो प्रश्न कसा महागात पडतो त्याचा हिशेब मांडतो. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्य पडतं. दीड लाख घेतले, दीड लाख भरले, नवं-जुनं केलं, विषय संपला. माफीच्या आशेनं थांबलं की आधी ही सवलत जाते. वर्षाला 7 टक्क्यांनी 10,500 रुपये अंगावर येतात, मुदतीपुढे बँकेचा चढा दर लागतो. मग कमी मुदतीच्या पिकाचे दोन हंगाम थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक. संत्र्यासारख्या लांब मुदतीच्या पिकाला एकच हंगाम पुरतो. एनपीए झालं की नवं कर्ज नाही. जूनमध्ये बियाणं तर घ्यावंच लागतं, म्हणून सावकार, नाहीतर बायकोच्या नावावर फायनान्स. माफी आली तरी तिच्या याद्या, आधार जुळणी, अंगठा आणि तक्रार निवारण यांत एक हंगाम निघून जातो. आणि ज्यानं दागिना गहाण ठेवून वेळेत भरलं, त्याला प्रोत्साहनपर रक्कम मिळते, तीही उशिरा. पुढच्या खेपेला तोही थांबतो. त्याला मूर्ख म्हणू नका. नियम असे असतील तर कोणीही थांबेल.

सावकाराचा एक नियम इथेच सांगून ठेवतो, कारण तो गावात फार थोड्यांना माहीत असतो. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखालच्या दरानुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि बिनतारणी कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. महिन्याला 5 टक्के म्हणजे वर्षाला 60, तो सरळ गुन्हा. सावकारीपोटी लिहून दिलेली जमीन 15 वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून परत मागता येते, विक्रीखत झालेलं असलं तरी. कागदावर ‘खरेदी’ लिहिलंय म्हणून घाबरायचं नाही. व्यवहार सावकारीचाच होता हे दाखवावं लागतं, चिठ्ठ्या, साक्षीदार, काय असेल ते.

आता दोन इमारतींचा झगडा बघा. पीक कर्जाला सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून काढलेला गुणांक, मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री बैठकीत बजावतात. टाळ्या पडतात. पण पतमाहितीचा कायदा 2005 चा, केंद्राचा. त्याची अंमलबजावणी रिझर्व्ह बँकेकडे, आणि कोणाला कर्ज द्यायचं ते धोरण बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. शाखाधिकारी सिबिल मागत नाही, नुसतं ‘कागदपत्रं अपुरी’ असं लिहितो. पुढाऱ्याला टाळ्या मिळाल्या, अधिकाऱ्याचं नियमात बसलं, आणि शेतकरी परतीच्या एसटीत बसला.

बायकांच्या बाबतीत हा बदल जास्त खोल गेला, तिथे थोडं थांबू. सावकारापुढे नवरा जायचा, फायनान्सवाल्यापुढे बायको जाते. गट, सेंटर मीटिंग, हप्त्याचा वार. 50,000 रुपये 24 महिन्यांसाठी घटत्या शिलकीवर 24 टक्क्यांनी घेतले तर हप्ता 2,644 रुपये आणि एकूण परतफेड 63,450 च्या आसपास. हेच कोणी ‘साडेतेरा टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर धरलेला दर, म्हणून सांगितलं तर स्वस्त वाटतं, पण हप्ता तोच असतो. शिवाय प्रोसेसिंग फी, तिच्यावरचा जीएसटी आणि नवरा-बायकोचा विमा आधीच कापला जातो. हातात पडलेली रक्कम मोजून घ्या, कार्डावर लिहिलेली नको.

1 एप्रिल 2022 पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत. घराचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तरच ते मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर यायचं नाही. बिघडतं ते उत्पन्नाच्या रकान्यात. तो आकडा कर्ज विकणारा माणूस भरतो आणि त्याचा पगार किती कर्जं वाटली यावर ठरतो. धुणीभांडी करून महिन्याला 9,000 मिळवणारी आणि मजुरी करणारा नवरा मिळून कागदावर 24,000 होतात, म्हणजे 12,000 चे हप्ते नियमात बसले. चौथी कंपनी येते ती आधीच्या तिघींचे हप्ते भरायला. गटातली एक पळाली की उरलेल्या नऊजणींकडे तगादा लागतो. कागदावर कर्ज ज्याचं त्याचं असतं, सेंटरला मात्र ‘सगळ्या बसा, पैसे जमल्याशिवाय उठायचं नाही.’ नळावरच्या मैत्रिणी वैरिणी होतात त्या इथे. सावकारानं माणसाला छळलं, पण शेजारणीला शेजारणीवर वसुलीला बसवण्याची युक्ती त्याला सुचली नव्हती.

नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर विदर्भात या कर्जांची वसुली एकदम कोसळली. रोख नव्हतीच. त्यात ठिकठिकाणच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, भरू नका, माफ करून देतो. पण ही कर्जं खासगी कंपन्यांची, सरकार ती माफ करू शकत नव्हतं. 2010 मध्ये आंध्र प्रदेशानं अध्यादेश काढून वसुलीला लगाम घातला, तेव्हा कर्जं माफ झाली नाहीत, तिथला कर्जपुरवठाच आटला. विदर्भात पुढारी पुढच्या निवडणुकीकडे वळले आणि बायकांच्या नावावर थकबाकीची नोंद राहिली. पुढे मुलाच्या गाडीचं कर्ज अडलं तेव्हा कुठे ती नोंद त्यांना कळली.

दुसरी ताकद खात्यात पैसे टाकण्याची. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन सुरू झालं, आता खाती 50 कोटींच्या वर आहेत. त्या नळातून राजकारण वाहायला लागलं. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये 2024 मध्ये सुरू झाले ते थेट आधार जोडलेल्या खात्यात. मधला सरपंच, गटसचिव, तलाठी कोणी नाही. गळती थांबली, हे मान्य करायलाच हवं. पण तक्रार करायला समोर माणूसही उरला नाही. ‘पैसे आले नाहीत’ म्हणत बाई बँकेत जाते, बँक म्हणते सेतूत जा, सेतूवाला म्हणतो बँकेत जा. बहुतेक वेळा घोळ एकच असतो. आधार खात्याला ‘लिंक’ असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार वळवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ‘सीड’ असणं वेगळं. पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, शेवटी जे खातं सीड झालं त्यात जातो. कधीकाळी गॅसच्या सबसिडीला उघडलेलं, विसरलेलं खातं असेल तर पैसा तिथे पडून असतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी रोजी बुडवून रांगेत उभं राहायला नको. त्यातही जुन्या खात्यावर किमान शिलकीचा दंड चढलेला असेल तर बँक आलेले पैसे त्यात वळते करून घ्यायची. तसं करू नका म्हणून सरकारला बँकांना सांगावं लागलं. म्हणजे बहिणीला भावानं दिलेली ओवाळणी वाटेतच वळती!

आणि नागपुरातल्या सधन वस्त्या, धरमपेठ, रामदासपेठ? तिथे वेगळाच मतदार तयार झालाय. देशात डीमॅट खाती मार्च 2020 मध्ये 4 कोटींच्या आसपास होती, मार्च 2024 मध्ये 15 कोटींवर गेली. या माणसाचं सरकारशी नातं त्याच्या शेअर-फंडांच्या फोलिओतून जातं. मे 2024 च्या प्रचारात अमित शहांनी ‘4 जूनच्या आधी शेअर घेऊन ठेवा’ असं मुलाखतीत सांगितलं. निकालाच्या त्या दिवशी सेन्सेक्स 4,389 अंकांनी पडला. लोकसभेच्या निकालाची बातमी अनेकांनी त्या दिवशी मोबाइलवर लाल आकड्यात वाचली.

या वर्गाची ताकद बघायची तर त्याच वर्षीचा अर्थसंकल्प बघा. 23 जुलै 2024 ला घर-जमिनीच्या विक्रीवर नफा मोजताना खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची सवलत काढली आणि कर 12.5 टक्के केला. ओरड झाली. दोन-अडीच आठवड्यांत दुरुस्ती आली, 23 जुलैच्या आधी घेतलेल्या मालमत्तेला जुन्या पद्धतीनं 20 टक्के किंवा नव्यानं 12.5, जे कमी पडेल ते. कोणी रस्ता अडवला नाही, कोणाला टेकडी रोडला उन्हात बसावं लागलं नाही. ज्याची मालमत्ता बाजारभावानं मोजली जाते त्याचं गाऱ्हाणं सरकारला लवकर ऐकू येतं. ज्याचं फक्त कर्ज मोजलं जातं त्याला मोर्चा काढावा लागतो.

पोरांचं ऑप्शनचं, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर थोड्या पैशांत सौदा लावण्याचं, वेड याच वाढीतलं. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि सगळ्यांचा मिळून तो 1.8 लाख कोटींच्या वर गेला. का, ते साधं आहे. समजा 40 रुपयांचा ऑप्शन, एका सौद्यात 75 नगांचा लॉट, म्हणजे 3,000 रुपयांत खेळ. दिवसाला पाच सौदे म्हणजे दहा ऑर्डरी, 20 रुपये दलालीनं 200. महिन्याचे 20 दिवस धरले तर 4,000. भांडवल 50,000 असेल तर महिन्याला 8 टक्के नुसती दलाली, कर वेगळे. समोर बसलेत ते संगणक. परदेशी संस्थांचा या बाजारातला 97 टक्के नफा अल्गोरिदमनं कमावलेला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये सेबीनं सौद्याचा किमान आकार 15 लाखांवर नेला, साप्ताहिक मुदती कमी केल्या. चांगलं केलं, उशिरा केलं. पण नागपूरच्या कुठल्या घरात किती बुडालं यावर याच नागपुरात एखाद्या आमदाराला तारांकित प्रश्न विचारावासा वाटला, तर त्याचं उत्तर राज्य सरकारकडे नसतं. विषयच त्यांचा नाही.

तेव्हा मोर्चा कुठे न्यायचा, हा प्रश्न थट्टेचा नाही. पतसंस्था बुडाली असेल तर विधानभवन बरोबर, कारण पतसंस्था सहकार आयुक्तांच्या, म्हणजे राज्याच्या ताब्यात. तिथल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमाकवचही नसतं, हे ठेव ठेवण्याआधी विचारायचं असतं. सावकार असेल तर जिल्हा उपनिबंधक. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन होते आणि 14448 वर माहिती मिळते. कागदावर लिहून पाठवायची असेल तर मात्र संविधान चौकातल्या इमारतीत देऊन उपयोग नाही. पाकिटावर पत्ता चंदीगडचा घालायचा, सेक्टर 17.